चार मिनिटे कोणी ठरवली? पुण्यातील एका बहुसांस्कृतिक संध्येचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयातील आहे. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव, तसेच ओळख पटेल असे तपशील येथे वगळले किंवा बदलले आहेत. परदेशी विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत. सिंबायोसिससारखी संस्था १९७१ साली उभी राहिली ती मुळात शहरातल्या परदेशी विद्यार्थ्यांची आबाळ पाहून. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेले अफगाण आणि आफ्रिकी देशांतले विद्यार्थी, स्वखर्चाने आलेले सुदानी, आणि गेल्या काही दशकांत वाढत गेलेले मिझोराम, मणिपूर, आसाम, लडाख येथील विद्यार्थी असा मेळ शहरातल्या अनेक महाविद्यालयांत दिसतो. या महाविद्यालयातही तो होता.

गॅदरिंगच्या जोडीने येथे दरवर्षी ‘बहुसांस्कृतिक संध्या’ होत असे. तिची आखणी सांस्कृतिक समिती करी. समितीत एक प्राध्यापिका समन्वयक म्हणून आणि नऊ विद्यार्थी असत. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका थांबल्या, आणि २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली असली तरी येथे सांस्कृतिक सचिव प्राध्यापकांकडून नेमला जात असे. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली, कारण ज्यांच्या वतीने सचिव निर्णय घेत होती त्यांपैकी कोणीही तिला निवडून दिलेले नव्हते. त्या वर्षी सचिव होती तृतीय वर्ष कला शाखेतली, सातारा जिल्ह्यातून आलेली विद्यार्थिनी. सहसचिव पुण्याचाच होता आणि एका ढोल-ताशा पथकात वादन करत असे.

महाविद्यालयाला हा कार्यक्रम हवा होता, त्यामागे कौतुकाबरोबर व्यवहारही होता. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात त्या वेळी प्रादेशिक, भाषिक व सांस्कृतिक विविधतेबद्दल संस्थेने केलेले उपक्रम दाखवावे लागत, आणि रंगीबेरंगी पोशाखांतली छायाचित्रे त्या फाइलमध्ये फार शोभत. यात गैर काही नाही. परंतु कार्यक्रम फाइलसाठी होतो असे कलाकारांना एकदा वाटू लागले की त्यांचा उत्साह किती टिकेल, हा प्रश्न उरतोच.

अडचण

परीक्षांचे वेळापत्रक पुढे सरकल्याने संध्येची तारीख जानेवारीतून मार्चवर गेली आणि प्राचार्यांनी १६ मार्च २०२४ हा शनिवार निश्चित केला. १२ मार्चला रमजान सुरू होत असल्याचे त्या वेळी कोणी पाहिले नाही. समितीत पाहणारे कोणी नव्हते, हे त्याचे साधे कारण आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात समितीने कार्यक्रमाचा पहिला तक्ता नोटीस बोर्डावर लावला. त्यात भाषणे व सत्कार यांना चाळीस मिनिटे, फॅशन शोला पंचवीस, महाविद्यालयाच्या बँडला वीस, लावणी आणि गोंधळाला प्रत्येकी दहा मिनिटे होती. त्याखाली ‘ईशान्य भारत : ८ मिनिटे’ आणि ‘परदेशी विद्यार्थी : १२ मिनिटे (प्रत्येकी ४)’ असे लिहिले होते. ‘बांबू डान्स’ या नावाची आणखी एक नोंद होती. द्वितीय वर्षातल्या स्थानिक मुला-मुलींचा गट एका हिंदी चित्रपटगीतावर तो बसवणार होता.

दोन दिवसांत तीन बाजूंनी हरकती आल्या. मिझो विद्यार्थी एकूण पाच होते. त्यांचे म्हणणे असे की ज्याला बांबू डान्स म्हटले आहे ते त्यांचे चेराव आहे. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीच्या आत्म्याला वाट मिळावी म्हणून पूर्वी ते केले जाई, असे मिझो लोकांत सांगितले जाते. आज चेराव आनंदाच्या प्रसंगी होते आणि इतरांनी शिकायलाही त्यांची ना नव्हती. मात्र आपल्याला आठ मिनिटांत मणिपुरी आणि आसामी विद्यार्थ्यांबरोबर कोंबायचे आणि आपले नृत्य दुसऱ्यांनी विनोदी ढंगात करायचे, हे त्यांना मान्य नव्हते. अफगाण विद्यार्थ्यांची हरकत वेगळी होती. अत्तण हे वर्तुळात केले जाणारे नृत्य ढोलाच्या संथ ठेक्यावर सुरू होते आणि लय चढत चढत गिरक्यांपर्यंत जाते. चार मिनिटांत त्याची सुरुवातच संपते. शिवाय ते रोजे ठेवणार होते, आणि तक्त्यात त्यांची वेळ संध्याकाळी सहाची होती, म्हणजे दिवसभराच्या उपवासानंतर पाणी पिण्याच्या पाऊण तास आधी गिरक्या घ्यायच्या होत्या.

तिसरी हरकत उद्घाटनाच्या ध्वज-संचलनावर होती. प्रत्येक देशाच्या विद्यार्थ्याने आपला ध्वज घेऊन रंगमंचावर यायचे, अशी प्रथा पडलेली होती. अफगाण विद्यार्थ्यांनी कोणता ध्वज आणायचा? ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यानंतर तिथे पांढरा ध्वज लावला गेला होता, आणि हे विद्यार्थी लहानपणापासून काळा-लाल-हिरवा तिरंगी ध्वज आपला मानत आले होते. दिल्लीतल्या जुन्या प्रजासत्ताकाच्या दूतावासाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कायमचे बंद होत असल्याचे जाहीर केले होते. तिरंगी ध्वज हातात घेतलेले आपले छायाचित्र इन्स्टाग्रामवर फिरले तर गावाकडे घरच्यांना त्रास होऊ शकतो, असे एका विद्यार्थ्याने सचिवाला बाजूला घेऊन सांगितले. पांढरा ध्वज घेण्याचा तर प्रश्नच नव्हता.

वरवर पाहता हे तीन वेगवेगळे तंटे होते आणि समन्वयक मॅडमनी ते तसेच एकेक करून मिटवण्याचा सल्ला दिला. सचिवाने मात्र तक्ता समोर ठेवून एक प्रश्न विचारला: ही मिनिटे वाटली कोणी? तक्ता समितीतल्या तिघांनी कँटीनमध्ये बसून केला होता, आणि त्या तिघांपैकी दोघे फॅशन शोमध्ये होते. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच आहे. पुढे जे काही सुटले ते या प्रश्नाच्या आधाराने सुटले, आणि जे सुटले नाही तिथे तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

समोर असलेले पर्याय

समितीच्या बैठकीत चार वाटा चर्चेला आल्या. पहिली, तक्ता तसाच ठेवून हरकत असणाऱ्यांना प्रत्येकी दोन-तीन मिनिटे वाढवून देणे. समितीतल्या बहुतेकांचा कल याकडे होता, कारण त्यात कोणाचे काही फारसे जात नव्हते. दुसरी, तारीख ईदनंतर, म्हणजे ११ एप्रिलच्या पुढे नेणे. ती लगेच बाद झाली, कारण तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा होत्या आणि मांडववाल्याला आगाऊ रक्कम दिलेली होती.

तिसरी वाट एका प्रायोजकाने सुचवली. एका खासगी शिकवणी वर्गाने चाळीस हजार रुपये देऊ केले होते. अट अशी की तिकिटे बाहेरच्यांनाही विकावीत. तेवढे पैसे आले असते तर सभागृह घेऊन दोन दिवसांचा कार्यक्रम करता आला असता आणि मिनिटांची ओढाताणच संपली असती. सहसचिवाने या पर्यायाचा नेटाने पाठपुरावा केला, आणि तो नाकारला जाण्याची कारणे नोंदवण्यासारखी आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांत विद्यार्थी व कर्मचाऱ्यांनी केलेल्या सादरीकरणाला जी सूट आहे ती प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोकांपुरते असतील तरच लागू होते. बाहेर तिकिटे विकली की वाजवल्या जाणाऱ्या गाण्यांचे परवाने घेणे आले, पोलिसांकडचे सादरीकरणाचे परवाने आले, आणि तीन आठवड्यांत ते पार पाडणे कठीण होते. त्याहून नाजूक बाब अशी की विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला येथे मोबदला घेऊन काम करता येत नाही. तिकिटे लावलेल्या कार्यक्रमात परदेशी विद्यार्थ्याने मानधन घेतले तर अडचण त्याची झाली असती, महाविद्यालयाची नव्हे.

चौथी वाट सचिवाची होती. तक्ता रद्द करावा, समितीत प्रत्येक सादर करणाऱ्या गटाचा एक प्रतिनिधी घ्यावा, आणि उपलब्ध मिनिटे त्या मोठ्या समितीने नव्याने वाटावीत. मैदानावरचा कार्यक्रम असल्याने ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करणे ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंधनकारक होते. साडेपाच ते साडेनऊ असे चार तास, म्हणजे दोनशे चाळीस मिनिटे, आणि वरचा अर्धा तास अडीअडचणीसाठी. या आकड्यात ओढाताण करता येत नाही हे सर्वांना आधीच सांगायचे, असे तिने सुचवले. मॅडमना वीस-बावीस जणांच्या समितीत एकमत होईल असे वाटत नव्हते, आणि त्यांची शंका रास्त होती. तरीही त्यांनी एक आठवड्याची मुदत दिली.

काय केले गेले

मोठी समिती वर्गखोलीत बसली तेव्हा सचिवाने फळ्यावर सगळ्यात वर ‘भाषणे ४०’ लिहिले आणि प्रथम तेच कमी करायला घेतले. हा डाव चतुर होता. सगळ्या गटांना मान्य होईल अशी कपात आधी झाली, त्यामुळे पुढच्या कपातीला सुरुंग लागला नाही. भाषणे पंधरा मिनिटांवर आली. बक्षीस समारंभाला पहिल्या तक्त्यात वेळच दाखवलेली नव्हती. त्याला दहा मिनिटे दिली आणि वेळ अपुरी पडली तर तो सोमवारी घ्यावा असे ठरले. फॅशन शो पंचवीसवरून बारावर आला. त्यासाठी मात्र दीड तास वाद झाला, आणि फॅशन शोमधल्या समितीच्या दोन सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला.

प्रमुख पाहुण्यांचा प्रश्न याच सुमारास आला. प्राचार्यांनी एका स्थानिक लोकप्रतिनिधींना तोंडी आमंत्रण दिले होते. लोकसभा निवडणुकीची घोषणा कोणत्याही दिवशी होणार हे वर्तमानपत्रांतून दिसत होते. घोषणा झाली तर आचारसंहिता लागू होईल, रंगमंचामागच्या फलकावरून छायाचित्र काढावे लागेल आणि पाहुण्यांचीही अडचण होईल, असे सचिवाने प्राचार्यांना लेखी कळवले. प्राचार्यांनी आमंत्रण मागे घेऊन एका निवृत्त प्राध्यापिकेला बोलावले. आयोगाने निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर केला तो १६ मार्चलाच, दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे पडदा उघडण्याच्या अडीच तास आधी.

ध्वज-संचलन रद्द करण्याचा निर्णय पाच मिनिटांत झाला. कारण जाहीरपणे सांगितले नाही, आणि तेही योग्यच होते. त्याऐवजी प्रत्येक गटाने आपल्या भाषेत एका वाक्यात स्वागत करावे असे ठरले. छायाचित्रांबाबत मात्र एक नियम लेखी केला: ज्या कलाकाराने संमती दिलेली नाही त्याचा जवळून घेतलेला फोटो महाविद्यालयाच्या खात्यावर टाकायचा नाही. हा नियम अफगाण विद्यार्थ्यांसाठी केला, पण संमतीपत्रकावर ‘नाही’ लिहिणाऱ्यांत लावणी करणाऱ्या दोन मुलीही होत्या. घरी माहीत नव्हते.

चेरावची वाटाघाट सर्वांत लांबली आणि तिच्यातून शिकण्यासारखे जास्त आहे. पाच मिझो विद्यार्थ्यांपैकी तिघी मुली नाचणार होत्या, आणि बांबू धरायला उरत होते दोघे मुलगे. बांबूच्या चार जोड्या तालात आपटायला किमान आठ जण लागतात. दुसरीकडे स्थानिक गटात मुलगे होते, हौस होती, पण चेरावची माहिती नव्हती. सचिवाने दोन्ही गटांना एका खोलीत बसवले आणि स्वतः बाहेर गेली. थांबली असती तर सगळे तिच्याकडे पाहून बोलले असते, असे तिने नंतर सांगितले. शेवटी ठरले ते असे: चित्रपटगीत नाही, नृत्य तिघी मिझो मुलींचे, बांबू धरायला सहा स्थानिक मुलगे मिझो मुलांच्या हाताखाली शिकतील, निवेदन मिझो विद्यार्थी स्वतः करतील. स्थानिक गटातल्या मुलींना यात जागा उरली नाही. दोघी रुसून निघून गेल्या आणि शेवटपर्यंत परत आल्या नाहीत.

बांबू आणले बुरूड आळीतून. सहसचिवाने आधी मांडवाला लागतात तसले जाड बांबू पसंत केले होते. मिझो मुलाने ते हातात घेऊन एकमेकांवर आपटून पाहिले आणि परत ठेवले. त्याला बारीक, वाळलेले, टणत्कार देणारे हवे होते. तालमीत दुसरी अडचण कळली. रंगमंचावर मांडववाल्याने कार्पेट ठोकलेले असते आणि त्यावर आडव्या बांबूंचा आवाज मरतो. मधल्या वेळात कार्पेट उचलणे म्हणजे दहा मिनिटांचा खोळंबा. म्हणून चेराव रंगमंचासमोर जमिनीवर घ्यायचे ठरले, पण मातीवरही आवाज उमटेना. शेवटी प्लायवूडच्या शीट अंथरून त्यावर आडवे बांबू टाकले आणि दोन माईक जमिनीलगत ठेवले. पहिल्या दोन-तीन तालमींत सर्वांचे घोटे सोलून निघाले. स्थानिक मुलगे बांबू उघडण्याचा ठोका उशिरा देत होते. शेवटी मिझो मुलाने आकडे मोजणे बंद करून तोंडाने ताल म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ते जमले.

अत्तणला अकरा मिनिटे मिळाली. अफगाण विद्यार्थी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर नाचणार होते. सहसचिवाने आपण ढोल वाजवू का, असे विचारले. पथकाचा ढोल कमरेला बांधून एका हाताने टिपरूने आणि दुसऱ्या हाताने थापेने वाजवला जातो, तर अफगाण ढोलाची बोली वेगळी. आठवडाभर वसतिगृहाच्या गच्चीवर त्यांनी तो ठेका बसवला, आणि वसतिगृहाच्या रेक्टरांच्या तक्रारीही ऐकल्या. अत्तणची वेळ साडेसातची ठेवली. सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होता. त्यानंतर रोजा सोडून, नमाज करून कलाकार तयार होणार आणि रात्रीच्या नमाजासाठी ज्यांना जायचे ते आठनंतर मोकळे होणार, असा हिशेब त्यांच्या प्रतिनिधीनेच मांडला. रोजा सोडण्यासाठी ग्रीन रूममध्ये खजूर, केळी व पाणी ठेवण्यावर एका प्राध्यापकांनी महाविद्यालयात धार्मिक कार्यक्रम कसा, अशी शंका काढली. कलाकारांसाठी अल्पोपाहार दरवर्षीच असतो, या वर्षी त्याची वेळ पावणेसात ठेवली आहे, असे उत्तर सचिवाने दिले आणि विषय तिथेच थांबला.

सुदानी विद्यार्थ्यांनी नाचायला नकार दिला. त्यांच्या देशात एप्रिल २०२३ पासून युद्ध सुरू होते आणि काहींचे कुटुंबीय खार्टूम सोडून गेले होते. त्यांना आग्रह न करता जागा मात्र राखून ठेवली. ऐन वेळी त्यांच्यापैकी एकाने अरबीत कविता वाचली आणि तिचा अर्थ सांगणार नाही असे आधीच बजावले.

कार्यक्रमाची संध्याकाळ

सुरुवात पंधरा मिनिटे उशिरा झाली, त्यात नवल नाही. साडेसातला अत्तण सुरू झाले ते अकराऐवजी सोळा मिनिटे चालले, कारण लय चढल्यावर प्रेक्षकांतले लोक वर्तुळात शिरले आणि ढोल थांबवायचे भान सहसचिवाला राहिले नाही. बँड आणि बक्षीस समारंभ उरला असताना नऊ पस्तीस झाले होते. बँडची वेळ नव्या तक्त्यात पंधरा मिनिटे होती, आणि साहित्य लावायला आणखी पाच लागणार होती. साउंडवाल्याने दहा वाजून एक मिनिटालाही मिक्सर चालू ठेवणार नाही असे स्पष्ट सांगितले.

सचिवाने आधी ठरल्याप्रमाणे बक्षीस समारंभ सोमवारवर ढकलला आणि बँडला तीनऐवजी दोन गाणी करायला सांगितले. बँड संतापला, आणि त्यांची बाजू खोटी नव्हती: वेळ ज्याने खाल्ली त्याच्याऐवजी जे शेवटी उभे होते त्यांच्याकडून ती वसूल झाली. नऊ त्रेपन्नला कार्यक्रम संपला.

निष्पत्ती

पुढील वर्षीच्या समितीत गटांच्या प्रतिनिधींना जागा देण्याचे महाविद्यालयाने मान्य केले. ‘ईशान्य भारत’ हे शीर्षक तक्त्यातून गेले. चेरावचे बांबू आता क्रीडा विभागाच्या खोलीत आहेत. प्रायोजकत्व नाकारल्याने खर्चात तूट आली आणि ती गॅदरिंगच्या निधीतून भरली, त्यामुळे पुढच्या गॅदरिंगचा प्रकाशयोजनेचा खर्च कापावा लागला. राजीनामा देणारा सदस्य आणि बँड यांच्याशी समितीचे संबंध वर्षभर ताणलेले राहिले.

वेगळे काय करता आले असते

तारीख ठरवण्याआधी वसतिगृहातल्या दोन विद्यार्थ्यांना विचारले असते तर निम्म्या अडचणी उद्भवल्याच नसत्या. मोठ्या समितीला मिनिटे वाटण्याचा अधिकार मिळाला, पण तारीख प्राचार्यांच्या हाती राहिली, आणि पुढच्या वर्षासाठीही यात बदल झालेला नाही.

वेळेचा भंग झाला तर कपात कोणाची, हा नियम आधी करायला हवा होता. समितीने मिनिटे काटेकोर वाटली, पण जास्तीची मिनिटे कोणी घेतली तर काय, याचा विचार केला नाही. रंगमंचाच्या विंगेत घड्याळ घेऊन उभा राहणारा आणि ढोलवाल्याला खूण करणारा एक माणूस पुरला असता. सहसचिव स्वतःच वादक असल्याने ते काम त्याच्याकडे असून नसल्यासारखे झाले.

एक बाब मात्र सरळ चुकली. इथिओपियातून आलेल्या एका विद्यार्थ्याने, जो चांगला गातो आणि मायदेशी गाण्याचे पैसे घेत असे, मानधनाबद्दल विचारले होते. व्हिसाच्या अटींमुळे ते देता येत नाही हे खरे होते, पण सचिवाने ते त्याला पन्नास-साठ जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितले. तो गायला नाही. ज्या सचिवाने अफगाण विद्यार्थ्याचे म्हणणे बाजूला ऐकून घेऊन त्याचे कारण जपले, तिनेच येथे घाई केली. त्या दिवशी तिच्याकडे परवान्याचा अर्ज, मांडववाल्याचा हिशेब आणि पाहुण्यांचे पत्र अशी तीन कामे होती आणि ती कोणाकडेही सोपवलेली नव्हती. कामे वाटून देणे हे तिला वेळ वाटून देण्याइतके जमले नाही.

बैठकांची इतिवृत्ते लिहिली गेली नाहीत. पुढच्या सचिवाच्या हाती अंतिम तक्ता पडला आहे. फॅशन शोची तेरा मिनिटे का गेली, ध्वज का नाहीत, चेराव जमिनीवर का, हे त्याला कोणाला तरी फोन करून विचारावे लागते, आणि ज्यांना विचारायचे त्यांपैकी दोघे आता पुण्यात नाहीत. पुढच्या बैठकीत एका नव्या सदस्याने ध्वज-संचलन पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव मांडला आहे.